ब्लाउज हत्तीकडे गेला असेल

गुंडूराव सुत्रावे यांच्या हातून चुका होतात, हे यशवंतपूरच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. तरीही त्यांच्या दुकानात गर्दी असते, कारण त्यांच्या चुकीने कुणाचं वाईट झाल्याचं अजून कानावर आलेलं नाही. उलट भलं झाल्याच्या कथा इतक्या आहेत की, त्यांनी एखादा कपडा अगदी मापात शिवून दिला तर गिऱ्हाईक जरा हिरमुसतं.

मी त्या भाविकांपैकी नव्हे. मी शिस्तीची बाई आहे. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा माझा नवरा पद्माकर इथल्या सरकारी संशोधन संस्थेत मोजमापाच्या विभागात इंजिनिअर होता. केसाच्या जाडीचेसुद्धा भाग करून मोजणाऱ्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे घरात चुकीला जागा राहत नाही. आमच्या घरी मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ असं लिहिलेलं असतं आणि आत खरोखर मीठच असतं. गुंडूरावांच्या घरी बरणीत काय असतं ते त्यांच्या बायकोलाही उघडल्यावरच कळतं.

पण नवख्या गावात पहिल्याच महिन्यात बाजारात मागून आवाज आला, “ओ अक्का, पिशवी फाटालीय की तुमची! बटाटे पडालेत!” परक्या मुलखात मराठी ऐकून मला इतकं भरून आलं की मी बटाटे सोडून त्या आवाजाकडे वळले. ठेंगणे, गळ्यात टेप, कानावर खडू असे गुंडूराव दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी पिशवी आत नेली आणि दोन मिनिटांत शिवून आणली. फाटलेली बाजू शिवलीच, पिशवीचं तोंडही शिवून टाकलं. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

त्यांचं घराणं भावसारांचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, शिवणकामातच मुरलेलं. घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकी मिसळली आहे की सुरुवातीला मला अर्धं वाक्य कळायचं आणि अर्धं अंदाजाने घ्यावं लागायचं. एक शब्द मात्र पहिल्या आठवड्यातच पाठ झाला: ‘नोडोणा.’ म्हणजे ‘बघू या.’ ब्लाउज सोमवारी मिळेल का? नोडोणा. बाही लांब झालीय, आता काय? नोडोणा. पावसाने दुकानात पाणी शिरलं तेव्हाही खुर्चीवर पाय वर घेऊन ते हेच म्हणत होते.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याचे गणवेश त्यांच्याकडे शिवायला आले होते. त्यांनी सगळ्या शर्टांचे खिसे डावीकडे लावायचे ते उजवीकडे लावले. मालक तणतणत आला, पण तोवर शर्ट कामगारांच्या अंगावर चढले होते. उजवा हात मशीनवर असताना डाव्या हाताने खिशातला पाना पटकन काढता येतो म्हणून कामगार खूश. पुढच्या वर्षी मालकाने स्वतः येऊन बजावलं की खिसे उजवीकडेच हवेत. गुंडूरावांनी ते डावीकडे लावले.

त्यांचं लग्नही असंच झालं. हुबळीला मुलगी बघायला निघाले होते. यशवंतपूर स्टेशनात समोर जी गाडी उभी होती तीत बसले आणि सकाळी शिवमोग्ग्याला उतरले. उतरताना दाराच्या खिळ्यात शर्टाची बाही अडकून टर्रकन फाटली. गावात शिंप्याचं दुकान शोधलं, तर शिंपी बाहेर गेलेला आणि त्याची मुलगी भागीरथी मशीनवर बसलेली. तिने बाही जोडून दिली, पण शर्टाच्या पाठीला.

“असं काम बघितलं अक्का, आणि मला कळलं की हीच आपली,” गुंडूराव सांगतात. लग्नानंतर भागीरथीबाई सुधारल्या. हे तसेच राहिले.

“आणि ती हुबळीची मुलगी? तिचं काय झालं?” मी एकदा विचारलं.

“तिचं तर फारच चांगलं झालं की! मी गेलोच नाही.”

असल्या माणसाशी वाद काय घालणार? मी दरवेळी शपथ घ्यायची की पुढचा ब्लाउज मल्लेश्वरमच्या बाईकडे टाकायचा, आणि दरवेळी पाय गुंडूरावांच्या पायरीशी जायचे. पण आता जे सांगायचं आहे ते मागच्या एप्रिलचं आहे. त्या दिवसांत माझ्याकडे विनोद करायला उसंत नव्हती.

आमची मुलगी गौरी. एकोणतीस वर्षांची, वडिलांपेक्षाही उंच, कामात हुशार. त्याआधी काही महिने तिच्या सॉफ्टवेअर कंपनीने एका सकाळी बऱ्याच लोकांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोलावून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. त्यात ती होती. नोकऱ्या जातात आणि पुन्हा मिळतात, हे तिलाही कळत होतं. पण ती जी खोलीत जाऊन बसली ती बसलीच. मैत्रिणींचे फोन घेईना, खाली भाजी आणायला जाईना, बेल वाजली की दार लावून घ्यायची. माणसंच नको झाली होती तिला. जेवायला यायची, ताट धुवायची, परत आत. आम्ही दोघं आपल्याच घरात कुजबुजत बोलायला लागलो. पद्माकर रात्री तिच्या दाराखालच्या फटीतून दिवा दिसतोय का ते बघायचा आणि मग झोपायला यायचा. मला भीती वाटायची. ही मुलगी आता बाहेर येतच नाही की काय, अशी सरळ सरळ भीती.

त्यातच पद्माकरची निवृत्ती आली. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी संस्थेत निरोपसमारंभ होता. गौरीने आधीच सांगून टाकलं होतं, “बाबा, मी नाही येणार. रागावू नका.” तो म्हणाला, “बरं.” मी तिला पटवायला जाणार होते, पण त्याने मला हाताला धरून बाहेर नेलं.

मी त्या समारंभासाठी नेसायला राखाडी साडी काढली होती, बारीक रुपेरी काठाची. ब्लाउजचं कापड घेऊन गेले तेव्हा गुंडूरावांनी नाक मुरडलं होतं.

“राखाडी कशाला, अक्का? जांभळा शोभतोय तुम्हाला.”

“तुम्हाला विचारलंय का मी?”

“सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, असं म्हणत त्यांनी कापड ठेवून घेतलं.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे. ते शिवलेल्या कपड्यावर नाव-गाव काही लिहीत नाहीत. प्रत्येक कपडा वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि त्याच कापडाच्या चिंधीने गाठोडं बांधतात. निळी चिंधी तर आत निळा कपडा. आजोबांपासून असंच चालत आलंय. “कापडच सांगतंय की कुणाचं ते, नाव कशाला पाहिजे?” असं म्हणणं. आदल्या संध्याकाळी मी राखाडी चिंधीचं गाठोडं घरी आणलं आणि, माझी अक्कल बघा, उघडून न बघता कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून, साडीला इस्त्री करून मी गाठोडं सोडलं. आतून एक सोंड निघाली. कापूस भरलेली, राखाडी, टोकाला रुपेरी पट्टी. तिच्याखाली दोन भलेमोठे कान.

मी तशीच पिशवी घेऊन दुकान गाठलं. गुंडूराव डबा खात होते. मी सोंड त्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

“अय्यो,” ते म्हणाले, “ही तर सोंड!”

“सोंड आहे हे मलाही दिसतंय. माझा ब्लाउज कुठाय?”

त्यांनी घास गिळला, वर पंख्याकडे बघत विचार केला, आणि मग चेहरा उजळला. “मग ब्लाउज हत्तीकडे गेला असेल!”

हत्ती म्हणजे इंदिरानगरच्या एका बालनाट्य मंडळीचा. मुलांच्या सुट्ट्या होत्या, तीन वाजता त्यांचा पहिला प्रयोग होता. हत्तीचं धड आणि डोकं आधीच गेलेलं, सोंड आणि कान मागाहून शिवले. माझं कापड राखाडी, हत्तीचं कापड राखाडी, चिंध्या राखाडी. काल ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांच्या हाताने गाठोडी फिरली होती. पद्माकरच्या निरोपाला मी हत्तीच्या रंगात जाणार होते, हे मला त्या क्षणी कळलं.

“फोन करा त्यांना.”

त्यांनी गल्ल्यातून फोन काढला. तो बंद पडला होता, चार्जिंगचा पत्ता नाही. “जाऊन येऊ की, अक्का. मला तसंही यायला पाहिजे. सोंड डोक्याला कोण जोडणार?” त्यांनी सुईदोरा खिशात टाकला, दुकानाचं शटर ओढलं आणि निघाले. मीही निघाले. त्यांना एकटं सोडलं असतं तर माझा ब्लाउज म्हैसूरला पोचला असता.

पर्स घ्यायला मी घरात शिरले, तर गुंडूरावही मागोमाग वर आले. “पत्ता काय म्हणता?” मी विचारलं. “मेट्रोतून उतरलं की तिथंच कुठंतरी. पुट्टीला विचारू की, ती फोनात बघून सांगेल.” पुट्टी म्हणजे चिमुकली. गौरी रांगत होती तेव्हापासून ते तिला पुट्टी म्हणतात. आता ती त्यांच्याहून हातभर उंच आहे, तरी पुट्टीच.

“तिला नको,” मी घाईघाईने कुजबुजले.

“का? झोपलीय?” असं म्हणत त्यांनी तिचं दार वाजवलंसुद्धा.

आम्ही आईबाप इतके महिने त्या दारासमोरून चवड्यांवर चालत होतो, आणि हा माणूस ठकठक करून उभा! काय झालंय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. दार उघडलं. गुंडूरावांनी सोंड स्वतःच्या नाकासमोर धरली होती.

गौरीने सोंडेला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, “हे काय आहे?”

“सोंड.”

“कुणाची?”

“तुझ्या आईची. म्हणजे ब्लाउजच्या बदली आलेली. पुट्टी, इंदिरानगरात ते मुलांचं नाटक कुठं होतंय, जरा दाखव की आम्हाला. चल. हा कान धर.”

त्यांनी कान तिच्या हातात दिला. हातात दिलेली वस्तू माणूस घेतो. गौरीने कानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होते. कारण मी तिच्याकडे बघितलं असतं तर माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं. तिने पायात चपला घातल्या.

मेट्रोच्या दारात पिशवी तपासणाऱ्या यंत्रापुढे आम्ही अडकलो. पहाऱ्यावरच्या बाईंनी पिशवी उघडून सोंड बाहेर काढली, तिचं टोक पिळून बघितलं आणि हिंदीत विचारलं, “ये क्या है?” गुंडूरावांनी हिंदी-कन्नड दोन्हींचा भार हातांवर टाकून हत्ती करून दाखवला. मागे रांग लागली. बाईंनी सोंड एकदा आडवी आणि एकदा उभी यंत्रातून काढली आणि शेवटी गंभीर चेहऱ्याने परत केली.

मॅजेस्टिकला गाडी बदलली तेव्हा डब्यात गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली चार-पाच पोरं-पोरी चढली. गौरी चटकन दाराकडे तोंड करून उभी राहिली. त्यातली एक मुलगी तिच्याकडे निरखून बघायला लागली तशी गौरीने हातातला कान वर उचलला आणि चेहऱ्याआड धरला. आणखी तीन स्टेशनं ती तशीच उभी होती. गुंडूराव मला म्हणाले, “हवा घ्यालीय बघा. कानाने चांगलं वारं लागतंय.” मी हो म्हटलं.

इंदिरानगरात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दालनात नाटक होतं. जमिनीवर सतरंज्या, त्यांवर शे-दीडशे पोरं, आणि कानठळ्या बसवणारा कलकलाट. मंडळाची प्रमुख दिव्यश्री, तिशीतली, केस पिंजारलेली, धावत आली आणि तिने सोंडेला कवटाळलं. मग माझ्याकडे माझा ब्लाउज दिला. त्याची एक बाही वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फुगवली होती आणि टोकाला चक्क गोंद होता. सोंड नाही म्हणून सकाळच्या तालमीत त्यांनी माझ्या बाहीची सोंड केली होती.

“छान दिसत होती,” ती मला धीर द्यायला म्हणाली.

गुंडूराव भिंतीशी मांडी घालून बसले, हत्तीचं डोकं पुढ्यात ओढलं आणि कान आणि सोंड शिवायला घेतली. शिवता शिवता त्यांनी विचारलं, “हत्ती कुठाय?”

दिव्यश्रीने कपाळावर हात मारला. हत्तीचं काम करणारा पवनकुमार, सहा फुटांचा गडी, तुमच्याच दुकानी गेलाय म्हणाली. तुमचा फोन लागेना, म्हणून तो मोटारसायकल काढून सोंड आणायला यशवंतपूरला निघाला. तिने त्याला फोन लावला. तो बंद शटरपुढे उभा होता, आणि परत यायला निघाला तरी मेखरी सर्कलच्या गर्दीतून तासाभरात सुटत नाही म्हणाला. म्हणजे सोंड इंदिरानगरात आणि हत्ती यशवंतपुरात.

बाहेर पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला होता. दिव्यश्रीने आमच्याकडे पाहिलं. गुंडूराव हत्तीच्या पोटापर्यंतच आले असते. माझ्याकडे बघताना तिची नजर माझ्या रुंदीवर जरा जास्तच रेंगाळली, पण उंचीपाशी येऊन खाली पडली. मग ती गौरीकडे वळली, पायांपासून डोक्यापर्यंत.

“कन्नड येतं?”

“येतं,” गौरी म्हणाली.

“तसंही त्याला बोलायचं काही नाहीये. हत्तीला सर्दी झालीय. तो शिंकतो आणि सगळं गाव उडतं. मी बाजूने सांगत राहीन. कराल?”

मी पुढे झाले. “नाही हो, ती सध्या…”

“नोडोणा,” गुंडूराव दातात दोरा धरून म्हणाले.

गौरीने विचारलं, “आतल्या माणसाचा चेहरा दिसत नाही ना?”

“अजिबात नाही.”

“मग चालेल.”

माझी मुलगी हत्तीत शिरली. मी पाठीमागचे बंद बांधले. सुटू नयेत म्हणून एका जागी दोन गाठी मारल्या. एप्रिलचा उकाडा, आत जाड कापड, मला वाटलं ही दोन मिनिटांत घाबरीघुबरी होऊन बाहेर पळेल. आम्ही विंगेत उभे राहिलो. हत्ती आत गेला तशी पोरं कन्नडमध्ये ‘हत्ती, हत्ती’ म्हणून किंचाळली, “आने! आने!” आणि हत्ती जागच्या जागी थबकला. इतका वेळ थबकला की दिव्यश्री नखं खायला लागली. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. हत्तीसाठी दुसऱ्या कुणाला जोडणार?

मग हत्तीने एक पाय उचलला, चाचपडत खाली ठेवला, आणि दिव्यश्री बाजूने सांगत होती तसा मोठ्ठा श्वास घेऊन शिंकला.

सोंड गळून पडली.

पडली म्हणजे काय, सुटली आणि उडून पहिल्या रांगेत जाऊन आदळली. मी गुंडूरावांकडे बघितलं. ते आपल्या शिलाईकडे दुसऱ्या कुणाची असल्यासारखं कुतूहलाने बघत होते. पहिल्या रांगेतल्या एका फ्रॉकवाल्या पोरीने सोंड उचलली, पुढे केली आणि दम भरला, “नाक पूस आधी!”

हत्तीने दोन्ही पुढचे पाय जोडून तिची माफी मागितली. मग नसलेलं नाक पुसलं. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. हत्तीने सोंड परत लावली आणि पुन्हा शिंकला, सोंड पुन्हा उडाली, या वेळी मुद्दाम. पोरं ‘परत, परत’ ओरडत होती आणि हत्ती परत परत शिंकत होता. नाटकातलं गाव कधीच बाजूला पडलं होतं. त्या गोंधळात हत्तीच्या पोटातून हसण्याचा आवाज आला, खोकल्यासारखा सुरू झालेला, मग मोकळा होत गेलेला. तो आवाज मी ओळखते. मी तो नऊ महिने पोटात वागवलाय. मी तिथल्या पडद्याला डोळे पुसले.

“गुंडूराव,” मी म्हटलं, “खरं सांगा. तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? ती इतके महिने घराबाहेर पडली नव्हती. कुणाशी बोलत नव्हती. तुम्हाला कुणी तरी सांगितलं आणि तुम्ही हे सगळं जुळवलंत.”

ते इतके दचकले की टेप गळ्यातून खाली पडली. “घराबाहेर पडली नव्हती? पुट्टी? अक्का, मग सांगायचं नाही का मला! मी असं दार वाजवून उठवलं असतं काय तिला? मुकाट्याने खाली गेलो असतो की!” मग दुखावून, “आणि मुद्दाम काय म्हणता? इतकी वर्षं धंदा करालोय. मुद्दाम चूक करणारा माणूस आहे काय मी? ती आपली आपण होते.”

मी त्यांची माफी मागितली. बरं झालं सांगितलं नाही, एवढंच मनात म्हटलं.

प्रयोग संपल्यावर दिव्यश्री गौरीला सोडेना. सोंड उडालीच पाहिजे, रोज उडाली पाहिजे, असं तिचं म्हणणं. गुंडूरावांनी तिला टिचबटणं लावून देतो म्हणून सांगितलं. मध्येच पवनकुमार धापा टाकत पोचला. आपल्यामागे काय झालं ते ऐकून तो म्हणाला, त्याला तशीही झाडाची भूमिका हवी होती, झाडाला उकडत नाही. शनिवार-रविवारी येशील का, असं दिव्यश्रीने गौरीला विचारलं. गौरी घाम पुसत होती, तिने नुसती मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मला नीट दिसलं नाही.

घड्याळात बघितलं तर घरी जाऊन साडी बदलायला वेळच नव्हता. मी रिक्षा थांबवली. “तू घरी जाशील ना?” मी गौरीला विचारलं. “एवढं भाडं दोनदा कशाला देतेस?” असं म्हणून ती आत बसली. गुंडूरावही बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण समारंभात केसरीभात असतो हे त्यांना माहीत होतं.

संस्थेच्या सभागृहात आम्ही उशिराने शिरलो. मी बाजाराच्या पिवळ्या सुती साडीत, हातात गोंदाचा ब्लाउज. गुंडूराव गळ्यात टेप घालून. गौरीचे केस घामाने कपाळाला चिकटलेले, कानशिलावर राखाडी कापडाचे धागे. मागच्या रांगेत पद्माकरच्या सहकाऱ्याची बायको शलाका बसली होती. ती इतकी वर्षं आमच्या कॉलनीत राहते आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला त्या घराच्या आधी कळतं.

“अगं गौरी! दिसतच नाहीस! सध्या कुठे आहेस?”

अख्खी रांग वळली. या प्रश्नाला द्यायचं उत्तर मी कित्येक महिने घोकून ठेवलं होतं, ब्रेक घेतलाय, कोर्स करतेय, असं काहीबाही. मी तोंड उघडलं.

“इंदिरानगरला,” गौरी म्हणाली. “हत्ती आहे.”

“म्हणजे?”

“हत्तीचं काम करते. आजच लागले. पहिल्याच दिवशी सोंड पडली, पण त्यांनी ठेवून घेतलंय.”

शलाकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे काय विचारावं ते तिला कळेना, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. गुंडूराव तिला समजावून सांगू लागले की टिचबटणं लावली की काही प्रश्न येणार नाही.

स्टेजवर पद्माकर उभा होता. अंगावर शाल, गळ्यात चंदनाचा हार, डोक्यावर इथल्या पद्धतीचा म्हैसुरी पेटा. तो कपाळावर घसरत होता, आणि माझा नवरा दर वाक्यानंतर तो बोटाने मापात वर करत होता. त्याने आभार मानायला सुरुवात केली होती. बोलता बोलता त्याची नजर मागे आली आणि गौरीवर थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. माइकमधून नुसता श्वास ऐकू यायला लागला.

गौरीने दोन्ही हात कानांशी नेले आणि पंजे हत्तीच्या कानांसारखे हलवले.

सगळं सभागृह वळून तिच्याकडे बघू लागलं. पद्माकरला यातलं काही ठाऊक नव्हतं. सोंड नाही, प्रयोग नाही, माझा ब्लाउजही नाही. आयुष्यभर कारण कळल्याशिवाय बोटसुद्धा न हलवलेला तो माणूस क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हातातला कागद खाली ठेवला, आपले दोन्ही हात पेट्यापाशी नेले, आणि संचालकांच्या देखत तिच्याइतकेच जोरात हलवायला लागला.